तुमचा आवाज सुरू आहे

सप्टेंबरपासून जुनी प्रणाली बंद.
जिच्याशी सोळा वर्षं भांडून
नुकता कुठे समेट केला होता मी.
आता नवी. सगळं म्हणे ढगात.
हीउमा बेटावर ढगांना तोटा नाही,
पण वाचनालयाचा हिशेब तिथे कशाला,
हे विचारायचं धाडस फक्त सालमेने केलं,
आणि ती ऑगस्टात निवृत्त होतेय.

बारा धडे, दर धड्याला परीक्षा.
शिकवणारा तार्तूचा राइगो,
माझ्या धाकट्याहून लहान.
चूक झाली की म्हणतो, “छान प्रयत्न, माइमू.”
इतकं झोंबणारं वाक्य
तीस वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं.

आणि इकडे होडी.
भावाने फिनलंडला नोकरीला जाताना दिलेली,
म्हणजे खरं तर टाकलेली,
तीन उन्हाळे जुनिपरच्या झुडपाशी पालथी.
मे महिन्यात सगळ्यांदेखत बोलून बसले:
यंदा पाण्यात उतरवणार.
इथला उन्हाळा आला आला म्हणेतो
टोपी घालून दारात उभा असतो, निघायला.
त्यात स्ट्रॉबेऱ्या सगळ्या एकाच आठवड्यात पिकतात,
त्यात बटाट्यांना माती चढवायची,
त्यात नवरा विचारतो, सॉनाच्या छपराचं काय?
मी म्हणते, छपराला विचार.

वेळापत्रक केलं. सकाळी धडा, दुपारी होडी.
दोन दिवस टिकलं.
तिसऱ्या दिवशी ऊन असं काही पडलं
की धडा दुपारवर गेला, मग रात्रीवर,
मग ‘उद्या नक्की’वर.
पडद्यावरची हिरवी पट्टी त्रेचाळीस टक्क्यांशी
वाळूत नांगर रुतावा तशी रुतली.

शेवटी लॅपटॉपच उचलला
आणि पालथ्या होडीच्या बुडावर ठेवला.
एका हातात ताग, फटींत ठासायला,
दुसऱ्यात माऊस.
‘एंटर’वर आता डांबराचा अंगठा आहे, कायमचा.
पासवर्ड तीनदा चुकला,
चिकट बोटाखाली एकच अक्षर दोनदा उमटत होतं.

नोकरदारांसाठीचा उशिराचा वर्ग, जूनअखेर.
अकरा वाजायला आले होते
आणि अजून वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड.
राइगो म्हणाला, “कुणाचा तरी आवाज सुरू आहे.
काहीतरी घासतंय. कृपया बंद करा.”
मी हातातलं काम खाली ठेवलं.
घासणं चालूच.
क्रेक्स क्रेक्स, क्रेक्स क्रेक्स,
कंगव्याच्या दात्यांवरून कुणी नख ओढावं तसं,
कुंपणापलीकडच्या न कापलेल्या गवतातून.
“माइमू, तुमच्याकडून येतोय.”
“हो. पक्षी आहे.
त्याचं बटण कुठल्या धड्यात येतं?”

कुणी हसलं नाही.
राइगो पडद्याजवळ सरकला. “रुक्किरॅक?
नऊ वर्षांचा असेन मी, शेवटचा ऐकला तेव्हा.
जरा… असू दे सुरू.”
आणि एकवीस चौकोनांतली एकवीस माणसं,
पार नार्वापासून वाल्गापर्यंतची,
न दिसणाऱ्या एका पाखराकडे कान लावून
गप्प बसली.
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात किटली शिटी द्यायला लागली,
तीही कुणीतरी झटकन उतरवली.

नववा धडा त्यामुळे अर्धाच राहिला.

होडी जुलैच्या मध्याला उतरवली. लगेच गळू लागली.
नवरा काठावरून ओरडला.
गळणारच. तीन वर्षं सुकलेल्या लाकडाला
पोटभर पाणी प्यायला दोन दिवस लागतात,
मग फुगून फळ्या एकमेकींना घट्ट धरतात.
तोवर बादली घेऊन उपसायचं.
उपसतेय. डोक्यात दहावा धडा:
हरवलेल्या पुस्तकाची नोंद कशी करावी.
एक पाय एका दगडावर, दुसरा दुसऱ्या,
दोन्ही शेवाळलेले.
दोन दगडांवर पाय ठेवू नये, म्हणतात.
या किनाऱ्यावर ठेवायला दुसरं काही नाहीच.

आज सकाळी पाहिलं:
हिरवी पट्टी एकसष्ट टक्के.
होडीत पाणी, घोट्याच्या खाली.